पाच लिटर पाणी आणि अक्काचा गुडघा

डॉक्टरांची अट एकच होती. गुडघा सुजला नाही तर जा. सुजला तर विषय संपला.

गुडघा माझ्या थोरल्या जावेचा. तिला मी अक्का म्हणते. ती तेव्हा छप्पन्न वर्षांची होती, मी अठ्ठेचाळीस. अहमदपुरात आम्ही एकाच घरात राहतो, स्वयंपाकही एकत्रच. तिचे यजमान, म्हणजे माझे थोरले दीर, मोंढ्यात आडतीचं दुकान चालवतात. त्यांना मी भावजी म्हणते. मी शाळेत गणित शिकवते. माझे यजमान त्याच्या आदल्या उन्हाळ्यात गेले. दुकानातच, दुपारी, बसल्या जागी.

अक्काचे दोन्ही गुडघे झिजले होते. लातूरच्या एका दवाखान्यात ते बदलायचं ठरलं होतं, तारीखही मिळाली होती. मग दवाखान्यातून फोन आला की पाण्याची अडचण आहे, तातडीची नसलेली ऑपरेशनं पुढे ढकलली आहेत, पावसाळ्यानंतर बघू. लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेच ते वर्ष. आमच्या गल्लीत आठव्या दिवशी टँकर यायचा. मी वहीत लिहिलं, ‘ऑपरेशन: पावसाळ्यानंतर’, आणि त्याखाली रेघ मारली.

अक्काला चालणं जमत नव्हतं. घरापासून कोपऱ्यावरच्या महादेवाच्या देवळापर्यंत जायला तिला दोनदा थांबावं लागे. पण सायकल जमत होती. हे आम्हाला योगायोगानंच कळलं. डॉक्टरांनी घरी पेडल मारायचं यंत्र घ्यायला सांगितलं होतं. भावजींनी कुणाची तरी जुनी लेडीज सायकल आणली आणि स्टँडवर उभी करून दिली. चार दिवस अक्कानं अंगणात उभ्या सायकलवर पेडल मारलं. पाचव्या दिवशी सकाळी सायकल अंगणात नव्हती. अर्ध्या तासानं ती मोंढ्याकडून आली, पदर खोचलेला, कपाळाला घाम.

“दुखतं का?” मी विचारलं.

“न्हाई. चालताना दुखतं. हिच्यावर बसलं की वजन हिच्या अंगावर, माझ्या न्हाई.”

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. सपाट रस्ता, हलकं सामान, बेतानं. मग मीही माझ्यासाठी एक सायकल घेतली आणि रोज पहाटे आम्ही दोघी मोंढ्याला फेऱ्या मारू लागलो. त्या वर्षी मोंढ्यात माल नव्हता, मोठी मोकळी जागा होती. हमाल बिड्या ओढत बसलेले असायचे. एकजण रोज विचारायचा, “वैनी, आज किती झाल्या?” अक्का आकडा सांगायची. आकडा नेहमी एकानं वाढवलेला असायचा.

अक्काची मुलगी जर्मनीत नोकरीला आहे. आईनं यावं म्हणून ती दरवर्षी तगादा लावायची आणि अक्का दरवर्षी म्हणायची, येऊन काय करू, तुझ्या खुर्चीत बसू? त्या जानेवारीत मुलीनं फोनवर सहज सांगितलं की तिकडे डॅन्यूब नावाच्या नदीच्या काठानं सायकलींसाठी वेगळा रस्ता आहे. पासाऊ नावाच्या गावापासून व्हिएन्नापर्यंत. सपाट. म्हातारी माणसंसुद्धा जातात. सायकली तिथंच भाड्यानं मिळतात.

अक्कानं फोन ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “मास्तरीणबाई, वही काढ.”

मला मनापासून वाटत होतं म्हणून मी वही काढली, असं मी म्हणणार नाही. त्या वर्षी मला कशाचंच फारसं काही वाटत नव्हतं. शाळेत जायचं, तपासायच्या वह्या तपासायच्या, टँकरच्या दिवशी नळी धरायची. पण यादी करता येत होती. यादीला काही वाटावं लागत नाही. पुढची ओळ लिहावी लागते.

अक्काचं मात्र तसं नव्हतं. तिनं मला एकदाच सांगितलं, कणीक मळताना. “ऑपरेशन झाल्यावर काय होईल ते होईल. साखर हाय, वय हाय. चांगलं बी होईल. पण हे पाय माझे हायेत तोवर एकदा मला लांब जायचंय. कुणाच्या गाडीत बसून न्हाई.”

मी म्हटलं, “बरं.” आणि वहीत ‘अक्का’ असं वर लिहून चौकट केली.

पहिलं काम पासपोर्टचं. माझा सोपा होता. मी बिलोलीकडची, जन्म नांदेड जिल्ह्यात, आणि माझा नांदेड जिल्हा कधी जागचा हलला नाही. अक्का जळकोटची. ती जन्मली तेव्हा जळकोट उदगीर तालुक्यात होतं आणि जिल्हा उस्मानाबाद. पुढे लातूर जिल्हा झाला, मग जळकोट स्वतःच तालुका झालं. तिच्या शाळेच्या दाखल्यावर एक जिल्हा, आधारवर दुसरा. त्यातच उदगीर जिल्हा करा म्हणून पुन्हा मागणी सुरू झालेली. पडताळणीला घरी आलेले हवालदार कागद हातात घेऊन बराच वेळ बसले.

“मावशी, तुम्ही नेमक्या कोणत्या जिल्ह्यातल्या?”

“मी जळकोटची, साहेब. मी हाय तिथंच हाय. जिल्हाच हिंडून राहिला.”

“आता उदगीर जिल्हा झाला तर?”

“म्हणून तर घाई हाय. लवकर लिहा.”

हवालदार हसले. मी त्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला होता. त्यांनी तो उचलला, ओठांजवळ नेल्यासारखा केला आणि खाली ठेवला. “आत्ताच पिऊन आलो,” म्हणाले. ते गेल्यावर मी पेला पुन्हा माठात ओतला. यात विशेष काही नव्हतं. त्या दोन वर्षांत सगळेच असं करायचे. आलेल्यापुढे पाणी ठेवायचं, हे कुणी सोडलं नव्हतं. आणि आलेल्यानं ते प्यायचं नाही, हे कुणी न सांगता ठरलं होतं.

सामानाचं गणित मला आवडलं. दर माणशी सात किलो, त्याहून जास्त नाही. मुलीनं सांगितलं होतं की सायकलच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी अडकवायच्या पिशव्या मिळतात. त्या मी नांदेडहून आणल्या. दुकानदार म्हणाला, “मुलासाठी का, मॅडम?” मी म्हटलं, “माझ्यासाठी. आणि जावेसाठी.” त्यानं बिल करताना दोनदा वर पाहिलं.

एका रविवारी भावजींच्या दुकानातल्या छोट्या काट्यावर आम्ही प्रत्येक वस्तू वजन केली. मी एकेक वस्तू काट्यावर ठेवायची, भावजी सौदा पुकारावा तसं वजन पुकारायचे, मी लिहायची.

“सलवार-कमीज जोड, चारशे दहा. पुढं.”

“टॉवेल, तीनशे.”

“मोठा हाय,” भावजीच पुढं म्हणाले. “पंचा घे.”

“पंचा, एकशेवीस.”

“गोळ्यांचा डबा, दोनशे पाच. मेथीचे ठेपले?”

“तिसऱ्या दिवसापर्यंतचे. सहाशे.”

“शेंगाची चटणी?”

“पाव किलो,” अक्का म्हणाली. “ती काटू नको यादीतून.”

अक्काच्या गळ्यातलं चांदीच्या डबीतलं इष्टलिंगही काट्यावर ठेवायचं का, म्हणून मी पेन उचललं. तिनं डबीवर हात ठेवला. “हे अंगावरचं हाय. सामानातलं न्हाई.” भावजींनी मान हलवली. मी ती ओळ लिहिली नाही.

तिचा दुसरा टॉवेल, माझं पुस्तक, दोघींची जादा चप्पल, स्टीलचा डबा एवढं कमी केल्यावर तिची पिशवी सहा किलो नऊशे झाली, माझी बरोबर सात किलो. पुस्तक काढल्याचं मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी पुढच्या पानावर गेले.

पुढचं पान पाण्याचं.

हे पान मी सगळ्यात काळजीपूर्वक केलं. रोज चाळीस किलोमीटर, ताशी दहाच्या वेगानं चार तास, मध्ये विश्रांती, म्हणजे उन्हात सहा तास. अक्काला साखर, तिला पाणी कमी पडून चालणार नाही. दोघींना दिवसभरात प्यायला, तोंड धुवायला, औषधाला, चटणीच्या हाताला, आणि एखाद्या ठिकाणी मुक्कामाला उशीर झाला तर राखीव. नकाशावर दोन गावांमधलं अंतर आठ ते बारा किलोमीटर होतं. कुठल्या गावात पाणी आहे हे नकाशावर लिहिलेलं नव्हतं. म्हणून मी प्रत्येक गावापुढे फुली मारली. हिशेब प्रत्येकी पाच लिटरवर थांबला. घरात तेलाचे पाच लिटरचे रिकामे कॅन होते. दोन कॅन सोडा घालून तीनदा धुतले, पाणी टँकरच्या दुसऱ्या दिवशीचं वापरलं. सात किलोच्या मर्यादेत पाणी बसत नव्हतं, पण पाणी म्हणजे सामान नव्हे. पाणी वेगळं. हे मला इतकं उघड वाटत होतं की मी कुणाला विचारलं नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला सराव ठेवला. जळकोटच्या रस्त्यानं वीस किलोमीटर जायचं आणि परत. पूर्ण सामान, पूर्ण पाणी. पहाटे पाचला निघालो. अक्कानं आयुष्यात पहिल्यांदा सलवार-कमीज घातली होती. भावजी दारात उभे होते.

“मोंढ्यात विचारतील, तुमच्याकडं पाहुणी कोण आली.”

“सांगा, जळकोटची हाय,” अक्का म्हणाली. “कोणत्या जिल्ह्यातली ते विचारू नका म्हणावं.”

जाताना ठीक होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रानं उघडी पडलेली, तूर काढल्यावरचे खुंट, त्यापुढे काहीच नाही. एका ओढ्याच्या पुलावरून गेलो. ओढ्यात बायका खड्डे करून बसल्या होत्या, वाटीवाटीनं पाणी काढत होत्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, कॅनकडे पाहिलं. एकीनं विचारलं, “कुठून आणलं पाणी?” मी म्हटलं, “घरून.” ती पुन्हा खड्ड्यात वाकली.

परतताना एका चढावर अक्का उतरली आणि सायकल ढकलू लागली. ती कधी उतरत नसे. मी विचारलं तर म्हणाली, “बघून राहिले जरा रान.” रानात बघण्यासारखं काही नव्हतं. घरी आलो तेव्हा साडेअकरा झाले होते. दोघींच्या कॅनमध्ये मिळून सात लिटर पाणी शिल्लक होतं. ते मी माठात ओतलं आणि वहीत लिहिलं: ‘पाणी पुरेसं.’

संध्याकाळी अक्का दिव्याला वाती करायला नेहमीसारखी खाली बसली नाही, खुर्चीत बसली. मी शिवणाच्या डब्यातून टेप आणला.

“कशाला?”

“पाय पुढे कर.”

“न्हाई सुजला.”

“मग पुढे कर ना.”

आदल्या आठवड्यात मी तिच्या उजव्या गुडघ्याचा घेर लिहून ठेवला होता, एक्केचाळीस सेंटिमीटर. आता पंचेचाळीस होता. कातडी ताणलेली, गरम. बोट दाबलं तर खळी पडत होती. अक्का भिंतीकडे पाहत होती.

मी स्वयंपाकघरात जाऊन वही उघडली. चौकटीतल्या ‘अक्का’ शब्दाखाली ‘रद्द’ लिहिलं. तारीख घातली. तिकिटाच्या परताव्याची चौकशी, व्हिसाच्या कागदांची फाइल, पिशव्या परत घेतील का, अशा तीन ओळी लिहिल्या. हात स्थिर होता. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण नंतर अक्का म्हणाली की तिला माझा राग त्या सुजेमुळे आला नाही, त्या अक्षरामुळे आला. इतकं सरळ अक्षर.

तिनं वही पाहिली दुसऱ्या दिवशी.

“मला विचारलंस?”

“डॉक्टरांनी सांगितलं होतं.”

“डॉक्टरांनी सांगितलं सुजला तर. का सुजला ते तू बघितलंस?”

“वय. साखर. चढ.”

“चढ तिथं नदीच्या काठी हाय का? मला न्यायची तुझी इच्छाच न्हाई. तुला घरी बसून राहायचंय, वह्या तपासत.”

ते खरं होतं की नाही, मला माहीत नव्हतं. तशीच मी शाळेत गेले.

त्या रात्री मुलीचा फोन आला. रद्द केल्याचं मीच सांगायचं ठरलं होतं. ती रडेल, असं वाटलं होतं. पण ती आईसारखीच आहे. म्हणाली, “काकू, काय काय वजन होतं ते वाचून दाखवा.”

मी वाचलं. पंचा, गोळ्या, चटणी. ती मध्येच हं, हं म्हणत होती.

“सहा किलो नऊशे. एवढ्यानं तर व्हायला नको.”

“आणि पाणी,” मी म्हटलं. “कॅनसकट सव्वापाच किलो.”

“सव्वापाच किलो काय?”

“पाणी. पाच लिटर. एकीचं.”

मग ती हळू म्हणाली, “काकू, तुम्ही नदीच्या काठानं चालला आहात.”

“नदीचं पाणी पितात का तिकडे?”

“नाही. नळ असतात. गावागावात. नाही दिसला तर मागायचं. कुणीही बाटली भरून देतं.”

“कुणीही म्हणजे कोण?”

“म्हणजे कुणीही. हॉटेलात, दुकानात, कुणाच्या घरी. बेल वाजवा आणि मागा.”

“बरं,” मी म्हटलं.

शेजारी अक्का कान देऊन बसली होती. ती हसायला लागली. बऱ्याच दिवसांनी हसली होती, त्यामुळे थांबेना. “पाच लिटर, नदीच्या काठानं. टँकरवाल्या बाया आल्या म्हणतील ते लोक.” मग तिनं डोळे पुसले आणि गुडघ्यावर हात ठेवला. “म्हणजे हा तुझ्या पाण्यानं सुजला. माझ्या वयानं न्हाई.”

मी म्हटलं, “हो.”

चूक कळली होती. ती दुरुस्त करणं सोपं होतं, एक ओळ खोडायची. पण त्या रात्री मला ती ओळ खोडता येईना. ‘पाणी, ५ लि., प्रत्येकी.’ मी पेन ठेवून बसले. गावांपुढच्या फुल्या पाहत होते. मी जेव्हा त्या मारल्या तेव्हा माझ्या डोक्यात नळ आहे की नाही हा प्रश्न नव्हताच. परक्याच्या दारात जाऊन पाणी मागायचं, हे माझ्या हिशेबात येतच नव्हतं.

यजमान गेले त्या उन्हाळ्यात लोक भेटायला येत होते. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत मी आतल्या खोलीत बसून होते, मग मला बसवेना. मी उठून स्वयंपाकघरात गेले. पाहुण्यांना पाणी न्यायचं तबक तिथं होतं, तीस पेल्यांचं, लग्नकार्यात वापरायचो ते. शेजारच्या मुलीनं तबक बाहेर नेलं होतं आणि परत आणलं होतं. तीसच्या तीस पेले भरलेले. लोकांनी उचलले असतील, ओठांजवळ नेले असतील, ठेवले असतील. भल्या मनानंच. तेव्हा टँकर यायला अजून पाच दिवस होते, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. मी एकेक पेला पुन्हा माठात ओतला. ओतताना मोजले. तीस. त्या दिवशीचं मला आणखी काही आठवत नाही. कोण आलं, कोण काय बोललं. तीस भरलेले पेले आठवतात. त्यानंतर मी कुणाच्या घरी पाणी प्याले नाही. शाळेतही घरची बाटली नेते.

हे मी अक्काला सांगितलं नाही. तिला सांगायची गरज नसावी. त्या दिवशी ती बाहेरच्या खोलीत होती.

डॉक्टरांनी आठ दिवस विश्रांती सांगितली. मी रोज सकाळी आणि संध्याकाळी टेप लावला. पंचेचाळीस, चव्वेचाळीस, त्रेचाळीस. मध्ये दोन दिवस त्रेचाळीसवरच अडला. शाळेत परीक्षा चालू होत्या, मी पर्यवेक्षणाला उभी राहून टेपचे आकडे मनात म्हणत होते. आठव्या दिवशी एक्केचाळीस. डॉक्टर म्हणाले, एकदा पुन्हा करून बघा, हलक्या सामानानं. या वेळी सुजला तर मला विचारायलाही येऊ नका.

दुसरा सराव. तोच रस्ता, तेवढंच अंतर, चढासकट. तिची पिशवी, माझी पिशवी, प्रत्येकी अर्ध्या लिटरची एक बाटली. बाटली अक्कानं पुलाच्या आधीच संपवली. मुद्दाम संपवली, मी पाहिलं. माझी मी राखून ठेवली होती. ती तिनं मागून घेतली, तोंड धुतलं आणि उरलेलं बाभळीच्या बुडाशी ओतलं.

“अक्का.”

“आता दोघी सारख्या झाल्या. चल.”

पंधराव्या किलोमीटरला रस्त्याच्या कडेला एक आखाडा होता. आमच्याकडे शेतातल्या घराला आखाडा म्हणतात. पत्र्याची खोली, पुढे निळं प्लॅस्टिकचं पिंप, त्यावर फळी, फळीवर दगड. एक बाई गोवऱ्या रचत होती. माझ्या वयाची असेल, किंवा लहान. अक्का सायकलवरून उतरली नाही, एक पाय टेकून उभी राहिली.

“बाई, पाणी देता का?”

मला वाटलं मी तिथून पुढे निघून जावं. बाईनं हात लुगड्याला पुसले, आत गेली, तांब्या आणला, वर गुळाचा खडा. अक्कानं गूळ तोंडात टाकला आणि वरून तांब्याची धार धरली. चांगलं गळ्यापर्यंत प्याली. बाई पुन्हा आत गेली आणि दुसरा तांब्या घेऊन माझ्यापुढे आली.

“आत्ताच पिऊन निघालो,” मी म्हटलं.

“खोटं बोलून राहिली ती,” अक्का म्हणाली. “सकाळपासून घोट न्हाई तिच्या पोटात.”

बाई हसली नाही. तांब्या तिनं तसाच धरून ठेवला. “प्या बाई. तुमी न्हाई पिल्या तर माझं पिंप भरणार हाय का?”

“तुम्हाला लागेल.”

“लागंल की. तरी बी प्या.” मग ती पिंपाकडे बघून म्हणाली, “आता कुणी बी येतं, तांब्या हातात घेतं, तसाच परत देतं. माझ्या घरचं पाणी काय वाईट हाय का, असं वाटतं. वंगाळ वाटतं मला.”

मी तांब्या घेतला. पाणी कोमट होतं, त्याला प्लॅस्टिकचा वास होता. अर्धा पिऊन मी तांब्या पुढे केला. तिनं हात पुढे केला नाही. मी उरलेलं प्याले. तेव्हा तिनं तांब्या घेतला, उपडा करून झटकला आणि फळीवर ठेवला. रिकामा तांब्या ठेवल्याचा आवाज झाला. मला काही वाटलं का? पाणी पोटात गेल्याचं कळलं, एवढं सांगता येईल.

“कुठं निघालात?” तिनं विचारलं.

“जर्मनीला,” अक्का म्हणाली.

“या रस्त्यानं?”

“हाव. जळकोटावरून.”

बाई आत्ता हसली.

परतताना चढावर अक्का उतरली नाही. मी मागून तिचा गुडघा वर-खाली होताना मोजत होते. घरी येऊन ती खाली बसून वाती करू लागली. मी टेप आणला. एक्केचाळीस. रात्री पुन्हा एक्केचाळीस. सकाळी डॉक्टरांनी दाबून पाहिला आणि म्हणाले, जा. भावजी दवाखान्याच्या बाहेर उभे होते. त्यांनी मलाच विचारलं, अक्काला नाही, “किती?” मी आकडा सांगितला. ते म्हणाले, “टँकर मी बघतो.” आणि दुकानाकडे गेले.

‘रद्द’वर मी रेघ मारली. ‘पाणी, ५ लि.’वरही मारली. तेलाचे कॅन शेजारणीला दिले. नव्या ओळीत लिहिलं: ‘बाटली, अर्धा लि., एक. बाकी मागून.’ जर्मनमध्ये पाणी कसं मागायचं ते मुलीनं फोनवर लिहून पाठवलं होतं. मी ते देवनागरीत उतरवून वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं. चार शब्द होते.

निघायच्या आदल्या दिवशी भावजींनी पिशव्या पुन्हा काट्यावर ठेवल्या. तिची सहा आठशे. माझी सात. मी अक्काच्या गुडघ्याला शेवटचा टेप लावला, आकडा लिहिला, वही पिशवीत घालायला उठले. अक्का ओट्यापाशी उभी होती.

“थांब. ते चार शब्द म्हण.”

मी वाचून म्हटले.

“वही न बघता.”

मी म्हटले. दुसरा शब्द अडला.

“पुन्हा. मी जर्मनीची बाई हाय. माझ्या दारात आलीस.”

मी पुन्हा म्हटले. तिनं माठातून पेला भरला आणि माझ्यापुढे धरला. टँकर येऊन सात दिवस झाले होते, माठात तळाला थोडंच उरलं होतं. ती पेला धरून उभी राहिली, आखाड्यावरच्या बाईसारखी.

मी प्याले. तिनं रिकामा पेला घेऊन ओट्यावर उपडा घातला आणि म्हणाली, “आता उद्या.”